विंडोज ७ आणि १० वर एकच रोमिंग प्रोफाइल चालेल का?

नाही, आणि तुमचा डेटा उडालेलाही नाही. रोमिंग प्रोफाइल म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या युजरच्या फायली आणि सेटिंग्ज, कुठल्याही मशीनवर लॉगिन केलं की सोबत येणाऱ्या. तुम्ही म्हणता, सातपूरच्या ऑफिसात विंडोज ७ वर सेव्ह केलेलं डेस्कटॉप अंबडच्या नव्या विंडोज १० मशीनवर कोरं दिसतं. ते तसंच दिसणार. सर्व्हरवरचं शेअर (प्रोफाइल ठेवलेलं सामायिक फोल्डर) उघडून पाहा, एकाच युजरची दोन फोल्डर सापडतील: एकाच्या शेपटीला .व्ही२, दुसऱ्याच्या .व्ही६. विंडोजच्या आवृत्तीनुसार ही शेपूट बदलते: व्ही२ व्हिस्टा आणि ७ चं, व्ही३ विंडोज ८ चं, व्ही४ ८.१ चं, व्ही५ विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचं आणि १० च्याच १६०७ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुढे व्ही६.

एक फोल्डर दुसऱ्यावर कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदींची फाइलही त्यातच असते. स्टार्ट मेनू बिघडला की निस्तरत बसाल. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसच्या युजर-खात्यांची यादी सांभाळणारी सर्व्हरवरची सोय) प्रोफाइलच्या पाथला शेपूट हाताने लावू नका, ती विंडोज स्वतः जोडतं.

खरा उपाय फोल्डर रिडायरेक्शन, म्हणजे ठरावीक फोल्डर प्रोफाइलबाहेर वळवणं. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकदम नियम लावायची सोय) डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वेगळ्या शेअरवर वळवा, म्हणजे दोन्हीकडे त्याच फायली दिसतील. प्रोफाइलही हलकं होतं, सकाळी लॉगिनला चहा संपेपर्यंत थांबावं लागत नाही. अॅपडेटा, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचं फोल्डर, मात्र वळवू नका, दोन आवृत्त्यांची सेटिंग्ज एकमेकांत घुसतात.

क्रोमचे बुकमार्क अॅपडेटाच्या 'लोकल' या आतल्या फोल्डरमध्ये असतात, ते रोमिंगमध्ये येतच नाहीत. आधी बॅकअप घ्या, मग एकाच युजरवर करून बघा. अकाउंट्सवाल्यांपासून सुरुवात नको, मार्चमध्ये तर नकोच.