एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम सुरू करताय? आधी हे बघा
सुरुवातीच्या भागातून बाहेर पडल्या पडल्या सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसेल. त्याच्या नादी लागू नका; वळसा घालून चर्च ऑफ एलेह गाठा. तिथल्या ऐरणीवर हत्यार +३ पातळीपर्यंत वाढवता येतं. सुरुवातीचे रून्स (शत्रू मारून मिळणारं चलन, यानेच पातळी वाढते) व्हिगरमध्येच, म्हणजे जीवनशक्तीतच घाला, निदान २० होईपर्यंत. नवखे ताकद वाढवत बसतात आणि दोन फटक्यांत आडवे होतात. अंगावरचं वजन ७० टक्क्यांपुढे गेलं की लोळण (वार चुकवायची कोलांटी) जड होते, मग भारी चिलखत असूनही मार जास्तच बसतो.

मार्गिट हा सुरुवातीचा मोठा बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, काठी उगारून मुद्दाम थांबतो. उगारताना नाही, काठी खाली येताना लोळा. तरी जमेना? हट्ट सोडा, दक्षिणेचं वीपिंग पेनिन्सुला पालथं घाला. भटकंती हीच या गेमची खरी मजा. खोट म्हणाल तर तेच तेच बॉस पुन्हा भेटतात आणि क्वेस्टची (पात्रांनी सोपवलेल्या कामांची) नोंद गेम ठेवत नाही. वही घेऊन बसा.