काकांनी पोरीच्या नावाने आंघोळ केली, आता भावकी मागे लागलीय

प्रश्न : ताई, मी धायरीला राहतो, मूळ गाव सासवडच्या बाजूला. चुलत बहिणीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं, दोघं नोकरी करतात, हडपसरला राहतात. काकांनी तिच्या नावाने आंघोळ केली. जत्रेत पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा असतो, यंदा पंचांनी तो मान काढून दुसऱ्यांना दिला आणि तेव्हापासून भावकी म्हणते काहीतरी करायलाच पाहिजे. तिचा सख्खा भाऊ रोज रात्री ‘बघून घेतो’ म्हणतो. काकू फक्त गप्प बसते. मी शिकलेला माणूस, पण खरं सांगतो, पालखी समोरून गेली तेव्हा माझीसुद्धा मान खाली गेली. ही इज्जत म्हणजे नक्की काय असतं, आणि मी काय करू?

उत्तर : आधी त्या भावाचं बोलू, बाकीचं नंतर. ‘बघून घेतो’ हे नुसतं रागाचं बोलणं आहे असं धरून चालू नका. बहिणीला आजच सांगा, दोघांनी जवळच्या पोलिस चौकीत लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की अशा जोडप्यांना संरक्षण द्यायचं, गरज पडली तर सुरक्षित घरात ठेवायचं. तिचा पत्ता गावात कुणालाही सांगू नका, अगदी काकूलाही नाही, कारण तिच्याकडून तो काढून घेतील.

आता इज्जतीचं. तुमची मान खाली गेली त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण ही गोष्ट कधीकाळी खरंच उपयोगाची होती. जिथे पोलिस नाही, कोर्ट नाही, तिथे माणसाची जमीन आणि गुरं कशावर टिकायची, तर ‘याच्या वाटेला गेलो तर हा सोडणार नाही’ या धाकावर. निस्बेट आणि कोहेन या अमेरिकन अभ्यासकांनी हेच मांडलंय, गुरं राखणाऱ्या लोकांत मानापमान जास्त तिखट, कारण कळप एका रात्रीत हाकलून नेता येतो, शेत उचलून नेता येत नाही. अल्बानियाच्या डोंगरात तर खुनाला खून याचे नियमच होते, कानून म्हणतात त्याला. पण त्यात बायका-पोरांना हात लावायचा नाही, घरात शिरून मारायचं नाही, आणि ‘बेसा’ म्हणजे दिलेला शब्द असेल तोवर शत्रूही सुखरूप. कम्युनिस्ट राजवटीने हे सूड दाबले होते, १९९१ नंतर सरकार ढिलं पडलं आणि ते परत वर आले. सरकार मागे हटलं की इज्जत पुढे येते, हे इतकं सरळ आहे.

आपल्याकडचंही बघा. संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिलं, अमृतरावांची बहीण नागोजी मान्यांच्या घरात दिलेली, आणि १६९७ साली नागोजींनी संताजींना मारून मेव्हण्याचा सूड घेतला. घराचा हिशोब पुरा झाला पण स्वराज्याचा इतका मोठा सेनापती गेला, आणि फायदा औरंगजेबाचा झाला.

आज तुमच्या काकांची जमीन सातबाऱ्यावर आहे, बांध कोरला तर ते तहसीलदाराकडे जातात, तलवार घेऊन कुणी जात नाही. मग इज्जतीला राखायला उरलं काय तर घरातली पोरगी. पूर्वी सूड निदान बाहेरच्यावर घ्यायचे, आता आपल्याच लेकराकडे बोट, आणि त्याला भावकी मर्दुमकी म्हणते याची मला मनापासून चीड येते.

राहिला पालखीचा मान. पंचांनी लग्नावरून तो काढला असेल तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लगेच तक्रार करा असं म्हणत नाही, पण पंचांपैकी जो जरा समजदार असेल त्याला गाठून हा कायदा आहे एवढं कानावर घाला. खरं म्हणजे काकांना पोरीपेक्षा त्या खांद्याचंच जास्त लागलंय, आणि तो परत मिळाला तर भावकीच्या हातातली काठी जाते. हे काम तुम्हीच करू शकता, शहरातला शिकलेला पुतण्या म्हणून गावात तुमचं ऐकतात.

आणि काकू गप्प आहे म्हणजे तिला मान्य आहे असं धरू नका. तिला एखाद्या रविवारी धायरीला तुमच्याकडे बोलवा, दवाखान्याचं निमित्त सांगा, आणि तुमच्या फोनवरून पोरीशी बोलू द्या. तुम्ही बाहेर गॅलरीत थांबा.