म्हसवडला पाणी कमी, तर मधमाश्यांसाठी परसात कास पठारावरच्या फुलांचं बी लावता येईल का?

नाही. कासही साताऱ्यातलं आणि म्हसवडही साताऱ्यातलं, एवढंच साम्य. ती फुलं सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, पातळ मातीत, घाटमाथ्याच्या पावसावर जगतात; म्हसवडच्या माणदेशात ५०० मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. शिवाय जपलेल्या पठारावरून बी ओरबाडणं मला मुळीच पटत नाही.

बांधावरचा तरवड घ्या. बियांचं कवच टणक असतं. तसंच पेरलं तर नुसतं पडून राहतं. पाणी उकळून खाली उतरवा, मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवा. फुगलेलं पेरा, उरलेल्याला पुन्हा तेच करा. चुलीवर ठेवून उकळलंत तर बी मेलंच. चांगला पाऊस झाला की जागेवरच टोकावं, चार फुटांवर, अर्धा इंच खोल. पिशवीत रोप करू नका. सोटमूळ तळाशी गुंडाळलं की झाड उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरत नाही.

पण नुसत्या तरवडावर भागत नाही. त्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग, तोही थरथरवून काढावा लागतो. काळ्या भुंग्याला ते जमतं, सातेरी-फुलोरी या मधमाश्यांना नाही. त्यांच्यासाठी कुंभा (तुंबा, द्रोणपुष्पी) लावा. सुकलेली बोंडं चोळून बी काढा, दहापट वाळूत मिसळून जूनमध्ये भुरभुरवा आणि पायाने दाबा. वर माती लोटू नका. शेणखतही नको, गवत माजून कुंभा दबतो. कोरांटी फांदीने येते: पावसाळ्यात वीतभर काडी, दोन डोळे मातीत. उन्हाळ्याला रुई आहेच. तिची पानं खाणाऱ्या पट्टेरी अळ्या मारू नका, त्यांचीच फुलपाखरं होतात.

एक कोपरा उघडा, न खणलेला, पालापाचोळ्याविना सोडा. आपल्याकडच्या कितीतरी एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीतच बिळं करतात.

आणि नर्सरीत ‘रानफुलं’ म्हणून विकतात ती पाकिटं घेऊ नका. कॉसमॉस, झिनिया ही मेक्सिकोची झाडं. यावरून मी नर्सरीवाल्यांशी कायम भांडत आलोय. कुंभा तण म्हणून खुरपायचा आणि टँकरचं पाणी कॉसमॉसला घालायचं, हा कुठला न्याय? कॉसमॉसवर माश्या बसतात, हे मान्य; पण पाणी तोडलं की तो वाळतो, कुंभ्याचं पडलेलं बी पुढच्या पावसात आपोआप उगवतं.

रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घरात लहान मुलं असतील तर रुई कुंपणाबाहेर लावा. शेजारी डाळिंबाची बाग असेल तर फवारणी सूर्य मावळल्यावर करायला सांगा, नाहीतर फुलांवर आलेल्या माश्या तिथेच मरतील.