दंड भरला, मग लायसन्स अजून का नाही आलं?

प्रश्न : नमस्कार वकीलताई, नाव-गाव छापू नका प्लीज. मी औषध कंपनीत एमआर आहे, रोजचं फिरतीचं काम. थर्टी फर्स्टला मित्राच्या फार्महाऊसवरून येताना नाकाबंदीत पिऊन चालवताना सापडलो, फुंकायच्या मशीनमध्ये ७४ आलं. लायसन्स पोलिसांनी घेतलं, पावती दिली. फेब्रुवारीत कोर्टात गुन्हा कबूल केला, १०,००० दंड भरला आणि जजसाहेबांनी सहा महिने लायसन्स बंद असं सांगितलं. मधे आरटीओची पण एक नोटीस आली होती, मला वाटलं ती कोर्टाचीच आहे म्हणून गेलो नाही. आता सहा महिने होऊन गेले. आरटीओत गेलो तर कोर्टाचा कागद आणा म्हणतात, कोर्टात गेलो तर तुमचं लायसन्स आमच्याकडे नाहीच म्हणतात. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही त्यामुळे अधूनमधून गाडी चालवतोच, पर्याय नाही. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी ते ‘अधूनमधून’ आजपासून बंद. लायसन्स घरी विसरणं वेगळं आणि बंदी असताना चालवणं वेगळं, बंदीतल्या माणसाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ लागतं आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. सहा महिने झाले ना मग आता बंदी कुठे आहे असं तुम्ही म्हणाल, तर तिथेच सगळी गडबड आहे, सांगते. आणि या काळात कुणाला धडक बसली तर इन्शुरन्स कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करायला मोकळी असते, स्वतःच्या गाडीच्या क्लेमचं तर नावच नको. एमआरच्या पगारात हे झेपणारं नाही हो.

आता मूळ मुद्दा. तुमच्यावर बंदी एक नाही, दोन आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना हे माहीतच नसतं, कारण कोर्टात दंड भरून बाहेर आलं की माणसाला वाटतं सुटलो.

पहिली बंदी कोर्टाची. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पिऊन गाडी चालवल्याचं कलम १८५, तुमचं ७४ म्हणजे दुपटीहून जास्त. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. ही रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने आली, आधी २,००० होती आणि लोक ती पार्टीच्या बिलात धरायचे! शिक्षेसोबत कलम २० खाली लायसन्सवर बंदी घालावीच लागते आणि १८५ साठी ती सहा महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही, त्यामुळे ‘जजसाहेब कडक होते’ असं काही नाही, तुम्हाला कमीत कमीच मिळालंय.

दुसरी बंदी आरटीओची. पोलिसांनी १८५ मध्ये लायसन्स जप्त केलं की ते आरटीओकडे पाठवायचं असतं आणि आरटीओ कलम १९ खाली तुमची वेगळी सुनावणी घेतो, पहिल्या गुन्ह्याला तीन महिने बंदी, दुसऱ्याला लायसन्सच रद्द. तुम्ही गेला नाहीत ती नोटीस बहुतेक या सुनावणीची होती. माणूस आला नाही म्हणून आरटीओ थांबत नाही, ऑर्डर तुमच्यामागे होऊन गेली असणार. अपिलाला ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवस असतात, ते गेले असतील तरी तुमच्या केसमध्ये त्याने फार बिघडत नाही कारण तीन महिने तसेही उलटून गेले असतील. अडकलंय ते दुसऱ्याच ठिकाणी. या कलमात असं आहे की असं जमा झालेलं लायसन्स रिफ्रेशर ट्रेनिंगचा कोर्स केल्याशिवाय परत द्यायचं नाही. तुम्ही दहा वर्षं राहा घरी बसून, कोर्स नसेल तर लायसन्स येणार नाही. पोस्टाने तर नाहीच नाही.

तर आता कागद गोळा करा. पहिलं म्हणजे ती पोलिसांची पावती शोधा आणि ती हॅण्डमशीनमधून निघालेली चकचकीत पट्टी असेल तर आजच फोटो काढून ठेवा, त्याची शाई उडते आणि मग हातात नुसता कोरा कागद राहतो, माझ्या टेबलावर असे कोरे कागद बरेच येतात. तारीख, चलन नंबर, कुठल्या कलमाखाली लायसन्स घेतलं हे सगळं त्याच्यावर असतं. (त्या पावतीवर गाडी चालवता येते असं पुष्कळ लोक समजतात. १८५ च्या जप्तीत नाही चालत, कायद्यात स्पष्ट लिहिलंय.) मग कोर्टात जाऊन नकलेसाठी अर्ज करा. ‘माझी ऑर्डर द्या’ असं खिडकीवर नुसतं तोंडी बोललं तर कुणी बघणार नाही, केस नंबर लागतो, तो दंडाच्या पावतीवर असतो, नाहीतर कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर नाव टाकून सापडतो. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि सर्टिफाइड कॉपीच मागा, झेरॉक्स आरटीओ घेत नाही. ती हातात आली की त्यात बंदी कुठल्या तारखेपासून धरलीय ते वाचा, कारण लायसन्स पोलिसांनी ३१ डिसेंबरला घेतलं म्हणून सहा महिने तिथूनच मोजले जातील असं नाही. अजून एक ओळ बघा. १८५ सोबत धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ पण लागलं असेल तर परत ड्रायव्हिंग टेस्ट पास होईपर्यंत बंदी असंही कोर्ट लिहू शकतं. तसं लिहिलं असेल तर टेस्टशिवाय पुढे काही हलणार नाही.

मग आरटीओत. तिथे ‘लायसन्स द्या’ म्हणण्याऐवजी ‘माझ्यावर कलम १९ ची ऑर्डर झालीय का, झाली असेल तर कॉपी द्या’ असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या कॉपीवर शिक्का, सही आणि तारीख, नुसतं ‘ठेवा इथे’ नाही. दोन्ही ऑर्डर शेजारी शेजारी ठेवा, जी बंदी उशिरा संपते ती तुमची खरी तारीख. रिफ्रेशर कोर्स कुठे करायचा हेही तिथूनच लिहून घ्या, कुठल्याही मोटर ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट चालत नाही. नंतर कोर्टाची नक्कल, दंडाची पावती, आरटीओची ऑर्डर, कोर्सचं सर्टिफिकेट आणि आधार असा गठ्ठा एकदम द्या, एकेक कागद दिला की एकेक चक्कर वाढते. आणि लायसन्स हातात आलं तरी सरकारच्या लायसन्सच्या सारथी पोर्टलवर स्टेटस बघितल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नका. कार्ड खिशात आणि सिस्टिममध्ये सस्पेंड असं होतं, पुढच्या नाकाबंदीत हवालदार मोबाइलमध्ये बघणार, तुमच्या कार्डाकडे नाही.

मुदतही तपासा. बंदीच्या काळात लायसन्सची तारीख संपली असेल तर रिन्यूअलचा अर्ज एक वर्षाच्या आत करा, त्यानंतर परत टेस्ट द्यावी लागते. बंदीची नोंद तुमच्या लायसन्सवर राहील, डुप्लिकेट काढलं तरी ती त्याच्यावर येते. पुढची तीन वर्षं सलग काही नवीन नोंद झाली नाही तर कोरं लायसन्स मागता येतं, फक्त बंदीचा काळ त्या तीन वर्षांत धरत नाहीत.

ऑफिसचं तुमचं तुम्ही ठरवा, पण कंपनीची गाडी असेल तर सांगून टाका. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकावरही केस होते.

प्रश्न : ताई, आमचे मिस्टर टेम्पो चालवतात. दोन वर्षांपूर्वी पिऊन चालवल्याची एकदा केस झाली होती आणि आता परत सापडले. शेठ म्हणतात लायसन्स आणा मग कामावर या. पोरांची शाळा आहे, घर त्यांच्यावरच आहे. कोर्टात काही विनंती करता येते का? संध्याकाळ झाली की त्यांचं हे चालूच असतं, खोटं कशाला बोलू.

उत्तर : ताई, तुम्ही खरं लिहिलंत ते बरं केलंत, कारण इथे शेवटचं वाक्यच महत्त्वाचं आहे. दुसऱ्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही, आणि आरटीओ लायसन्स रद्द करतो, म्हणजे तीन महिने थांबून परत मिळणारं प्रकरण नाही हे. शेठ बरोबर बोलतायत, त्यांच्यावर राग धरू नका.

विनंती करता येते. शिक्षेच्या वेळी पोरं, घरभाडं, कमावणारा एकटा हे वकिलामार्फत लेखी मांडा. बंदी सहा महिन्यांच्या खाली जाणार नाही पण कोर्टाने वर्ष-दोन वर्षांची दिली तर ऑर्डरपासून सहा महिन्यांनी त्याच कोर्टात ती उठवण्याचा किंवा कमी करण्याचा अर्ज कलम २३ खाली करता येतो. हा अर्ज फार कमी लोक करतात, माहितीच नसते. नुसतं अपील टाकलं म्हणून बंदी थांबत नाही, त्यासाठी वरच्या कोर्टाची वेगळी ऑर्डर लागते.

पण त्या अर्जात दाखवणार काय? कलम १९ मध्ये लायसन्स रद्द करायचं एक कारण ‘सवयीने दारू पिणारा’ हेच आहे, आणि दोन केसेस झालेला ड्रायव्हर समोर उभा राहिला की साहेब पहिला प्रश्न तोच विचारणार. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात उपचार सुरू करा आणि त्याचे कागद फाइलला लावा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या मराठी मीटिंगा गावोगावी होतात, त्याला पैसे पडत नाहीत. मी हे वकील म्हणून सांगतेय, उपदेश म्हणून नाही. बाकी तुमचं तुम्हाला माहीत.

बंदी संपल्यावर लर्निंगपासून सुरुवात, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट, आणि आधीचं रद्द झालेलं फॉर्ममध्ये लपवायचं नाही. छोटा हत्तीसारखी गाडी असेल तर एक दिलासा आहे, साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स पुरतं असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. त्याहून मोठ्या गाडीचं लर्निंग काढायचं तर आधी वर्षभर एलएमव्ही हातात असावं लागतं. तोवर शेठकडे गोडाऊनचं, हमालीचं काही काम आहे का विचारा, चाकाला हात न लावता.

प्रश्न : एजंट म्हणतो पंधरा हजारात दुसऱ्या राज्यातून नवीन लायसन्स काढून देतो, जुनं हरवलं म्हणून सांगायचं. रिस्क किती?

उत्तर : एजंटला शून्य, तुम्हाला पूर्ण. सारथीचा डेटा देशभर एकच आहे. बंदी असताना लायसन्ससाठी नुसता अर्ज करणं हाच कलम १८२ चा गुन्हा, आणि तसं मिळवलेलं लायसन्स कायद्याने निरुपयोगी. शिवाय हरवलं म्हणून खोटं प्रतिज्ञापत्र द्याल ते वेगळं.

प्रश्न : माझी बंदी अजून चार महिने आहे. बॅटरीवाली स्कूटर चालवली तर चालेल का? त्याला लायसन्स लागत नाही म्हणतात.

उत्तर : सगळ्यांना लागत नाही असं नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, मोटर २५० वॅटच्या आतली आणि वजन ६० किलोपर्यंत असलेली बॅटरी गाडी केंद्राच्या नियमाप्रमाणे मोटार वाहनच धरली जात नाही, म्हणून तिला लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही. ती तुम्ही चालवू शकता, पिऊन मात्र नको. हिरवी नंबर प्लेट असलेल्या सगळ्या ई-स्कूटर मोटार वाहनात येतात, त्या बंद. विकत घेताना अप्रूव्हलचा कागद मागा आणि दुकानदार डोळा मारून म्हणाला की ‘ही एक वायर काढली की पंचेचाळीसने पळते’ तर तिथून निघा, कारण ती वायर निघाली की ते मोटार वाहन झालं आणि तुम्ही परत १८२ मध्ये.