गोचिडाचा यजमान कोण?

मोहोळ तालुक्यात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे : "एका पुस्तकात 'परजीवी' असतं, दुसऱ्यात 'परोपजीवी'. बरोबर कोणतं? आणि तो ज्याच्यावर जगतो त्याला 'यजमान' का म्हणायचं? गोचिडाची यजमान म्हैस असं सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, 'बाई, आमची आजी आजोबांना यजमान म्हणती की ओ!' आणि जोडून एक : परजीवीशास्त्रातला 'वी' पहिला की दुसरा?"

आधी सोपं. मी 'परोपजीवी' लिहितो. 'उपजीव्' म्हणजे कुणाच्या तरी आधारावर पोट भरणं. आपली 'उपजीविका' तिथलीच. विश्वकोशाच्या नोंदींत 'जीवोपजीवी' भेटतो, कुजणाऱ्या मेलेल्या पदार्थांवर जगणारा तो 'शवोपजीवी'. या भावकीत 'परोपजीवी' शोभून दिसतो. 'परजीवी'त तो 'उप' गळला आहे. हिंदीत तोच रुळलेला आहे आणि मराठीतही आता घरचा झाला आहे, म्हणून मुलांनी लिहिला तर लाल शाई नको.

खरं तर याहून नेमका शब्द सोलापुरात शेजारच्या घरात मिळतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत विचारा. तेलुगूत पॅरासाइटला 'परान्नजीवि' म्हणतात, परक्याच्या अन्नावर जगणारा. इंग्रजी शब्द ज्या ग्रीक 'पारासितोस'वरून आला, त्याचाही अर्थ हाच : दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवणारा. म्हणजे शब्द आधी फुकट्या पाहुण्याचा होता, किड्यांना तो नंतर चिकटला. आपल्याकडे 'परान्नपुष्ट' आहे, पण तो आपण जावयाच्या भावासाठी वगैरे राखून ठेवलाय.

आता यजमान. त्या पोराचं काही चुकलं नाही. 'यज्' या धातूचं हे आत्मनेपदी रूप, आणि आत्मनेपद म्हणजे क्रियेचं फळ करणाऱ्याला. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतात, तिथे 'यजन्ति' हे परस्मैपद, म्हणजे फळ दुसऱ्याला. ज्याच्यासाठी यज्ञ, ज्याचं पुण्य आणि ज्याचा खर्च, तो यजमान. पुढे तो घरचा कर्ता झाला, पाहुण्यांची सरबराई करणारा झाला, आजीच्या तोंडी नवरा झाला. कानडीतही 'यजमान' म्हणजे मालक आणि नवरासुद्धा, तेव्हा अक्कलकोटकडची मुलं तर आणखीच हसतील. गोचिडाच्या म्हशीपर्यंत येताना मात्र गंमत झाली. खर्च सगळा तिचाच राहिला, फळ गोचिडाकडे गेलं. व्याकरणाच्या दृष्टीनं ती बिचारी परस्मैपदी आहे.

'पण यजमान पाहुण्याला बोलावतो, गोचिडाला कोण बोलावतं?' ही शंका रास्त आहे. जुन्या भाषेनं ती एका जोडीत सोडवली होती. अमरकोशात कोकिळाचं एक नाव 'परभृत', दुसऱ्यानं पोसलेला. कावळ्याच्या नावांत आहे 'परभृत्', दुसऱ्याला पोसणारा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, पिल्लाला भरवतो कावळा. परोपजीवी आणि यजमान यांच्यात फरक फक्त शेवटच्या पायमोडक्या 'त्'चा! दुर्दैवानं मराठीत आपण पाय मोडत नाही, त्यामुळे ही जोडी वर्गात चालणार नाही. फळ्यावर एकदा लिहून दाखवायला मात्र हरकत नाही.

नन्नजच्या माळाकडे सहल नेलीत तर दुसरी जोडी दाखवा. पावसाची वाट पाहणारा म्हणून आपण ज्याचं एवढं कौतुक करतो तो चातक स्वतः घरटं बांधत नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात. सातभाई त्याचे यजमान. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

शेतकऱ्याशी बोलताना मी 'यजमान पीक' म्हणत नाही, 'पोशिंदा' म्हणतो. ज्वारी आणि तिच्या मुळांवर जगणारं तण टारफुला, हे उदाहरण मुलांना घरूनच माहीत असेल. टारफुल्याचं भुकटीसारखं बी जमिनीत वीसेक वर्षं पडून राहू शकतं. ज्वारीच्या मुळांतून विशिष्ट द्रव्य झिरपलं की मगच ते रुजतं आणि मुळाला जोडून घेतं. वर दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं. १९६६ साली हे द्रव्य शोधलं गेलं ते कपाशीच्या मुळांतून, आणि कपाशीवर टारफुला जगतच नाही! बी फसून उगवतं आणि मरतं, म्हणून ज्वारीनंतर कपाशी घेण्याचा उपाय सांगतात. मग झाड असलं घातक द्रव्य सोडतं तरी कशाला? त्याचं उत्तर २००५ साली मिळालं : मुळांशी राहून स्फुरद मिळवून देणाऱ्या उपयोगी बुरशीला ती हाक असते. मित्राला मारलेली हाक चोरानं ऐकली. म्हणजे बाई, कधी कधी यजमान बोलावतोच, फक्त भलताच येतो.

(टारफुल्याची पानं हिरवी असतात, थोडं अन्न तो स्वतः करतो. बांडगुळाचंही तसंच, ते झाडाकडून मुख्यतः पाणी आणि क्षार घेतं. आयतोबाला 'बांडगूळ' म्हणण्यात बांडगुळावर अन्याय आहे. शिवीच द्यायची तर 'अमरवेल' द्यावी, पण ती फार गोड वाटते.)

मग सगळीकडे 'पोशिंदा'च का नको? नारू या कृमीमुळे. पायविहिरीच्या पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव नारूची अळी पोटात वागवायचा आणि पाण्यासोबत माणसाच्या पोटात पोचवायचा. कापडानं पाणी गाळून आणि पायऱ्या बंद करून आपण ही वाट तोडली, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. शास्त्रात त्या सायक्लॉप्सला 'मध्यस्थ यजमान' म्हणतात. 'मध्यस्थ पोशिंदा' म्हणून बघा, जमत नाही. तो नुसता पोसत नाही; वाढवतो, वाहून नेतो, पुढच्या घरी पोचवतो. हिवतापात तर परोपजीवीचं नर-मादी मीलन डासाच्या पोटात होतं, म्हणून मुख्य यजमान डास आणि आपण मध्यस्थ! एवढी कामं 'यजमान' या ढगळ शब्दात मावतात, 'पोशिंदा'त नाही.

त्या मुलाला सांगा, आजीचा यजमान आणि म्हशीचं यजमानपण एकाच घरातून निघालेत. घर चालवण्याचा खर्च ज्याच्या माथी तो.

राहिला 'वी'. एकटा असताना 'परोपजीवी' दीर्घ. समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व : परोपजीविशास्त्र, जसं प्राणिशास्त्र, विद्यार्थिगृह. 'परजीवी' घेतलात तर परजीविशास्त्र.