नवरा नार्सिसिस्ट आहे का? आणि इतर प्रश्न

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच शब्दावर आहेत: नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेला, दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसलेला माणूस. कुणाचा नवरा, कुणाचे सासरे, कुणाचा साहेब. त्यांतली पाच घेतो.

प्रश्न : सासरे स्वतःपलीकडे कुणाचं ऐकतच नाहीत. ते स्वमग्न आहेत का?

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. तुम्हाला म्हणायचंय अहंमन्य. ही गल्लत कृपया थांबवा.

प्रश्न : नवऱ्याच्या चहात नकळत घालायची पावडर जाहिरातीत पाहिली. उपयोग होतो?

विकणाऱ्याला होतो. अशा स्वभावावर औषध नाही, आणि न सांगता कुणाला काही पाजणं धोक्याचं आहे. जोडीला दारू किंवा नैराश्य असेल तर उपचार आहेत. त्यासाठी त्यांनी स्वतः डॉक्टरकडे यायला हवं.

प्रश्न : रीलमधल्या नऊपैकी सात खुणा नवऱ्याला जुळल्या. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, 'वेडी तूच आहेस.' 'नार्सिसिस्टपासून मुक्ती' हा 21 दिवसांचा कोर्स लावू का? फी 4,999.

पैसे ठेवा. नऊ खुणांची यादी खरी आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ती आहे आणि त्यातल्या किमान पाच लागतात. पण पुढचं रीलवाले सांगत नाहीत. तो स्वभाव तरुणपणापासूनचा असावा लागतो, घरीदारी सगळीकडे तोच दिसावा लागतो, आणि हे ठरवायला माणूस समोर बसवून तपासावा लागतो. तुमच्या नवऱ्याला मी पाहिलेलं नाही. त्यामुळे मीही सांगणार नाही, मग मोबाइलवरचा तो मुलगा कोण?

आणि समजा, झालं निदान. पुढे काय? भांडणात आजाराचं नाव तोंडावर फेकल्यानं कुणी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. तो शब्द तुमच्यावरच उलटतो, उलटलाच की! माझ्यासारख्याकडे जाल तेव्हा नाव नको, वही न्या. कुठल्या तारखेला काय झालं, त्या रात्री जेवलात का, माहेरी फोन करणं कधी बंद केलंत. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की तीन महिने पहाटे तीनला जाग येते. मी पत्र तिथूनच वाचायला घेतलं. तपासणी आधी तुमची, याच आठवड्यात.

तोवर घरात खरं-खोटं पटवत बसू नका. 'आवाज चढला की मी उठणार' एवढं सांगा आणि खरंच उठा. हात उगारला जाण्याची भीती असेल तर हेही करू नका, आधी बाहेरची मदत घ्या.

प्रश्न : माझ्या पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे असतं. आई म्हणते, मूल झालं की सुधारेल.

मूल हा उपचार नव्हे. आईंचा मान ठेवा, सल्ला ठेवू नका. बायकोची कमाई अडवणं हा 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ आहे. अंगावर वळ उठायलाच हवेत असं नाही. कार्ड बँकेतून बंद करता येतं, पण त्यावरून घरात काय उसळेल हे तुम्हालाच ठाऊक, म्हणून आधी या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी किंवा वकील गाठा. महिला हेल्पलाइन 181. मन खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे. जन्मभर मवाळ, वर्षभरात उद्धट झालेत, कुणाच्या दुःखाचं काही वाटत नाही. म्हातारपणी नार्सिसिझम होतो का?

असा नव्यानं होत नाही. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या एका स्मृतिभ्रंशात आधी वागणं बदलतं, विसराळूपणा नंतर येतो. तोच आहे असं मी म्हणत नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. काका-मामांची मतं घेण्यात चार महिने गेलेच आहेत.