मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीत चढवायला घरी लोखंडी रॅम्प बनवायचे आहेत. कोणतं मटेरियल घ्यावं?

ट्रॉलीची उंची अडीच फूट असेल तर रॅम्प किमान ८ फुटांचा हवा, म्हणजे चढ साधारण १८ अंश येतो. ६ फुटांत काम उरकायला गेलात तर चढ २५ अंशांच्या आसपास जातो आणि तोंड पुढे ठेवून चढवल्यास पुढची चाकं उचलली जाऊ शकतात.

९०० किलोच्या ट्रॅक्टरला प्रत्येक रॅम्पसाठी ७५ x ४० मिमीचे दोन चॅनल (C आकाराचं लोखंड) लांबीने, ७५ ची बाजू उभी ठेवून लावा. नुसता ५० मिमीचा अँगल (L आकाराचं लोखंड) मधोमध वाकतो, कारण मागचं चाक मधोमध आलं की त्याचा सगळा भार तिथेच एका बिंदूवर येतो. आडव्या पट्ट्यांना ४० x ४० x ५ चा अँगल, कोन वर करून, दर ६ इंचांवर. पावसाळ्यात टायर पकडतो आणि चिखल खाली पडतो. रुंदी १४ इंच ठेवा, पुढच्या दोन चाकांतलं आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर सारखं नसतं. एक रॅम्प ५० किलोच्या आसपास भरेल, उचलायला दोघं लागतील.

वाकण्यापेक्षा रॅम्प निसटण्याचा धोका मोठा. वरच्या टोकाला १२ मिमी प्लेटचा हूक, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग, शिवाय ट्रॉलीला साखळी. दोनचाकी ट्रॉली असेल तर ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा आणि मागे चॅसीखाली ठोकळे द्या, नाहीतर मागे वजन येताच ट्रॉलीची पुढची दांडी वर उचलते.

रोटाव्हेटर आधी काढा. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल जोडून घ्या आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा.